आत्याने निवडलेली गाडी

शंभर गाड्या एका रांगेत उभ्या करा. त्यांतली एकच वाटेत बंद पडणार असेल, तर माझी आत्या सरळ चालत जाऊन तिच्यातच बसणार, आणि वर आमच्यासाठी जागा धरून ठेवणार. अख्ख्या पेडणे तालुक्यात, मी तर म्हणेन अख्ख्या गोव्यात, वाहनांच्या बाबतीत इतकी अचूक वाईट निवड दुसऱ्या कोणाला जमली नसती. बरं, हे तिच्या हातून चुकून होत असे म्हणावं, तर तसंही नाही. चुकणारा माणूस कधीतरी चुकून चांगल्या गाडीतही बसतो. आत्या आमच्या देखत तरी कधी बसली नाही. ती आधी प्रत्येक गाडीकडे नीट बघायची. टायर बघायची, मागचा धूर बघायची, चालवणाऱ्याचा चेहरा बघायची, आणि मग त्यातली सगळ्यात मरगळलेली गाडी पसंत करायची. आपण कपाळाला हात लावला की शांतपणे विचारायची, "मगे तेच्या गाडीत कोण बसतलो?" म्हणजे, आपण नाही बसलो तर त्याच्या गाडीत मग बसणार कोण? या प्रश्नाला उत्तर नसतं. मी माझ्या आयुष्याची बरीच वर्षं ते शोधण्यात घालवली आहेत.

आमचं घर धारगळला, हायवेपासून थोडं आत. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि मला कळायला लागल्यापासून ती आमच्याच घरात होती. घरात तुळस असते, सोप्यावर आरामखुर्ची असते, तशी आत्या असते, यापलीकडे आम्ही कधी विचार केला नाही. ती मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गोवा राज्य झालं त्या सुमाराला आमच्या सोप्यावर माणसं जमून कोकणी की मराठी यावर घसा बसेपर्यंत भांडायची, तेव्हा आत्या आतून चहा पाठवायची आणि दोन्ही बाजूंच्या कपांत सारखीच साखर घालायची. तिचा स्वतःचा मामला सरळ होता. शिकवायचं मराठीत, जेवायचं कोकणीत, आणि राग आला की दोन्हींत. त्या दिवसांत बंद पुकारला की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आम्ही सगळे घरी बसून वैतागायचो आणि आत्या एकटी समाधानात असायची, कारण त्या दिवशी कुठलीच गाडी मागे राहत नसे.

एरवी मात्र तिला चैन नव्हतं. शाळेत जायला हायवेवर उभी राहायची. पहिली यायची ती नव्या रंगाची, गाणी लावलेली, भरधाव बस. ती आत्या सोडून द्यायची. "तिका लोक आसात," म्हणायची. तिला गिऱ्हाईक आहे. मग मागून तेल गाळत, एका अंगाला कलंडलेली दुसरी यायची, आणि आत्या हात करायची. ती बस वाटेत अशा ठिकाणी दम तोडायची की जिथून शाळाही दूर आणि घरही दूर. शाळेत उशीर होऊ नये म्हणून आत्या एवढ्या पहाटे निघायची, की पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंगा वाजवत वाडीत शिरायच्या आत तिची वेणीफणी झालेली असे. चांगल्या बसने गेली असती तर अर्धी झोप जास्त मिळाली असती, हे मी तिला किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, "झोपून काय करायचंय रे?"

पेडण्याच्या बाजारात पायलट उभे असत. आमच्याकडे मोटारसायकलवर मागे बसवून भाड्याने पोचवणाऱ्याला पायलट म्हणतात. त्यांच्यात एकजण होता, त्याचा एक डोळा पेडण्याकडे तर दुसरा महाराष्ट्राकडे. त्याच्यामागे जिवावर उदार झालेला माणूसही बसत नसे. आत्या बसायची. एका हातात छत्री, एका हातात वह्यांची पिशवी, आणि त्याला धरायला हातच नाही. एकदा वळणावर तो वळला आणि रस्ता वळला नाही, किंवा रस्ता वळला आणि तो नाही. दोघांच्या सांगण्यात फरक आहे. दोघेही शेतात गेले. चिखलाने माखून घरी आलेल्या आत्याला माझे वडील नको नको ते बोलले. आत्याने सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच मागे बसून गेली. "आज तो जास्त सांभाळून चालवणार," ती म्हणाली, "काल पडलाय ना." चोपड्याला नदीवर पूल झाला तेव्हा सगळा तालुका आनंदाने पुलावरून पलीकडे गेला. आत्या उतरून खाली धक्क्यावर गेली, फेरीबोटीची वाट बघत उभी राहिली, आणि फेरीवाल्याला "कसो आसा रे?" म्हणून विचारून आली.

माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या बसचं काम वडिलांनी आत्याकडे दिलं, ही त्यांची आयुष्यातली मोठी चूक. नवरी डिचोलीची. आत्याने गाठला तो असा बसवाला, की ज्याची बस आंब्याखाली उभी राहून राहून तिच्या टपावर रोपं उगवली होती. "त्याला लग्नाचं म्हणून कोणी सांगतच नाही," आत्या म्हणाली. का सांगत नाही ते डिचोलीच्या अलीकडच्या चढावर कळलं. मांडवात सनई वाजत होती, सासरची माणसं आरती घेऊन उभी होती, बस आली, माणसं उतरली, आणि नवरा दिसेना. नवरा मुंडावळ्या बांधून बसच्या मागे होता, ढकलत. माझे सासरे ओवाळणीचं ताट विसरून मला बघत राहिले. मेधा, म्हणजे माझी बायको, अजून म्हणते की मी तुला हो म्हटलं ते कीव येऊन. त्यानंतर आत्याचं आणि तिचं फार जमलं.

अशा बाईला घेऊन परदेशात जाऊ नये हे मला कळत होतं. पण निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, वडीलही गेल्यावर, एकदा मेधाने तिला सहज विचारलं की तुम्हाला कुठे जावंसं वाटतं का. आत्याने कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "लंकेत सीतेला ठेवली होती ती जागा आहे म्हणतात. ती बघितली असती." काशी नाही, रामेश्वर नाही. मेधाने माझ्याकडे पाहिलं आणि मी रजेचा अर्ज केला.

कोलंबोत उतरल्यापासून माझी जी दैना सुरू झाली ती सांगून खरी वाटणार नाही. त्या शहरात आपल्यासारख्याच तीनचाकी रिक्षा, आणि त्या रांगेने उभ्या. आत्याने पहिल्याच दिवशी पाठीमागची एक रिक्षा निवडली. तिचा चालक पाय बाहेर टाकून गाढ झोपला होता. मी त्याला हलवायला हात पुढे केला तर आत्याने तो धरला. "झोपलेल्याला उठवू नये." मग दुसरी घेऊ, मी म्हणालो. "आणि जागा झाल्यावर त्याला कळलं की तिघं जण आले आणि गेले, तर?" आम्ही परक्या देशाच्या उन्हात एका झोपलेल्या माणसाभोवती उभे राहिलो. तो जागा झाला, डोळे उघडून आम्हा तिघांचे वाकलेले चेहरे पाहिले, आणि आपण मेलो अशी बहुधा त्याची समजूत झाली. संग्रहालयात पोचलो तेव्हा शिपाई फाटक लावत होता. दुसऱ्या दिवशी आत्याने बस निवडली. ती भलत्याच गावाला जाणारी होती, पण तिच्यात कोणी नव्हतं. अशा रीतीने दिवस सरत गेले, बेतातली एकेक जागा गळत गेली, आणि सीतेची जागा घसरत घसरत शेवटच्या दिवसावर येऊन टेकली. दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं.

तोवर आम्ही कँडीला आलो होतो. तिथून घाट चढून नुवारा एलिया नावाच्या थंड हवेच्या गावाला जायचं, आणि त्याच्या थोडं पुढे ओढ्याकाठी ते सीतेचं देऊळ. आगगाडीने जायची मेधाची इच्छा होती, पण जागा केव्हाच भरल्या होत्या. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकाने आमच्यासाठी एक पांढरी शुभ्र व्हॅन ठरवली. चालक इस्त्रीचा शर्ट घातलेला, इंग्रजी बोलणारा. मी रात्री देवाला हात जोडले. सकाळी आत्या म्हणाली, "तुमचं आवरेपर्यंत जरा पाय मोकळे करून येते." मेधा ओरडली, "अरे, त्यांना जाऊ देऊ नकोस!" तोपर्यंत आत्या गेली होती.

ती परत आली ती एका जुन्या व्हॅनमधून, पुढच्या सीटवर बसून. व्हॅनचा मूळ रंग कोणता असावा यावर पैज लावता आली असती. चालक पन्नाशीचा, लुंगी नेसलेला, खांदे पडलेला माणूस. तो सगळ्या गाड्यांच्या शेवटी झाडाखाली बसला होता म्हणे, आणि बाकीचे त्याला हसत होते. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि आत्याला सिंहली. पण आत्या सवयीने त्याला "पुता" म्हणाली, आम्हाला म्हणायची तसं, आणि तो चमकला. त्यांच्या भाषेतही मुलाला पुताच म्हणतात. तेवढ्या एका शब्दावर सौदा पक्का झाला होता. इस्त्रीवाल्याची समजूत घालून त्याला मी परत पाठवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"आत्या, याचं दार लागत नाही," मेधा म्हणाली.

"उन्हाळा आहे. वारा येईल," आत्या म्हणाली.

लोक श्रीलंकेचे धबधबे बघायला जातात. आम्ही प्रत्येक धबधब्यावर रेडिएटर भरायला थांबलो. चढाला लागलं की गाडी खोकायची, मग उसासे टाकायची, मग पुढून वाफ सोडायची. पुता खाली उतरून बाटली घेऊन पळायचा. आत्या त्याला डब्यातली नेवरी, म्हणजे आमच्याकडची करंजी, काढून द्यायची. मागून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला ओलांडून जात होती. आमची ती पांढरी व्हॅनही गेली. तिच्यात दोन गोरी माणसं बसली होती. दोन्ही बाजूंना चहाचे मळे होते, हवा गार होत चालली होती, सगळं फार सुंदर होतं, आणि मी घड्याळाशिवाय कशाकडेही बघत नव्हतो. देऊळ संध्याकाळी बंद व्हायचं. जेवणवेळ टळली, आणि एका आडव्या वळणावर गाडीच्या पोटातून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. त्यानंतर ती खोकलीही नाही.

पुता गाडीखाली गेला आणि बऱ्याच वेळाने काळा होऊन बाहेर आला. त्याने आमच्याकडे न बघताच मान हलवली. मग कोणालातरी फोन केला, मोठमोठ्याने बोलला, आणि रस्त्याकडेच्या दगडावर डोकं धरून बसला. त्याचे खांदे हलत होते. मी इकडे बायकोवर ओरडत होतो, कारण आत्यावर ओरडता येत नव्हतं. त्या ओरडण्यानेच एक गाडी थांबली. आत एक कुटुंब होतं आणि पुढे बसलेला गृहस्थ खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मराठी व्हय तुम्ही? आम्ही कोल्हापूरचं. काय झालं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "अवो मग बसा की! आम्ही सीतामाईकडंच चाललोय. देऊळ बंद व्हायच्या आत पोचतोय बघा. पोरींनो, सरका जरा."

परमेश्वर दयाळू आहे असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. मेधा पिशवी उचलून चढलीसुद्धा. आत्या जागची हलली नाही.

"तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली. "मी इथे बसते याच्याजवळ."

"अगं, बघायचं तुला आहे! आम्ही जाऊन काय करू?"

"अवो आत्या," कोल्हापूरकर म्हणाले, "डायवर काय पळून जातोय व्हय? गाडीच बंद हाय त्याची."

"तो नाही पळणार," आत्या म्हणाली. "मी पळाल्यासारखं होईल."

मी हात जोडले. पुन्हा येणं होणार नाही असं सांगितलं. उद्या विमान आहे, हे एवढं एकच बघायला आपण समुद्र ओलांडून आलोय, असंही सांगितलं. आत्या ऐकत होती आणि पदराने चष्मा पुसत होती. कोल्हापूरकरांच्या मुली घड्याळं बघायला लागल्या. शेवटी मेधा खाली उतरली. ती माणसं हळहळत निघून गेली आणि घाटात एकदम शांत झालं.

आम्ही तिघं कठड्यावर बसलो. पुता थोडा लांब, त्याच्या दगडावर. मेधाने हळूच विचारलं, "आत्या, तुम्हाला तीच जागा का बघायची होती?"

आत्या घरात मनातलं काही बोलायची ते कोकणीत. त्या दिवशी मात्र ती शाळेतल्यासारखं स्वच्छ मराठी बोलली, दुसऱ्या कुणाचा तरी धडा वाचून दाखवावा तसं.

"माझं लग्न डिचोलीला झालं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. गणपतीत, चवथीला माहेरी यायला आम्ही दोघं निघालो. बाजारात बस थांबायची तिथे त्यांनी मला ट्रंकेवर बसवलं. 'तूं हांगा बस, हांव गाडी पळोवन येतां,' म्हणाले. गाडी बघून येतो म्हणून गेले."

"मग?"

"मग काय? गेले. कोणी म्हणालं मुंबईला दिसले, कोणी म्हणालं बोटीवर लागले." ती थोडी थांबली. "त्यांना गाडी मिळाली असणार."

मेधाने तिचा हात धरला. मला वाटलं, आता सगळा उलगडा होणार. त्या दिवशी कुठल्या तरी मोडक्या गाडीने, कुठल्या तरी कोणालाच नको असलेल्या माणसाने तिला घरी आणून सोडलं असणार. "तू घरी आलीस कशी?" मी विचारलं.

"बसने. नवी कोरी बस होती. मऊ गाद्या होत्या. मला खिडकीकडची जागा मिळाली आणि अशी झोप लागली म्हणतोस, धारगळ आलं तेव्हा कंडक्टरने हलवून उठवलं." हे आठवून ती चक्क हसली. मग घाटाच्या वरच्या बाजूला बघत म्हणाली, "म्हणून बघायची होती ती जागा. बाईमाणूस इतकी वाट बघत बसतं, ती जागा असते तरी कशी. तिथे सावली कसली आहे, पाणी कुठे आहे. माझ्याच्याने एक दुपारसुद्धा काढवली नाही. दिवस बुडायच्या आत मी उठले."

वरून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे लागायला लागले होते. देऊळ बंद होण्याची वेळ झाली, आम्हा तिघांनाही ते कळलं.

मग पुताचा मेहुणा चहाच्या मळ्यातली जीप घेऊन आला. त्यांनी व्हॅन जीपला दोराने बांधली, तोंड फिरवून कँडीच्या दिशेला केलं. आम्हाला जीपमध्ये बसायला सांगितलं. मी आणि मेधा बसलो. आत्या व्हॅनमध्ये जाऊन बसली, पुढे, पुताच्या शेजारी. बंद गाडीचं चाक धरून घाट उतरायचा, तर सोबतीला कोणीतरी हवं, असं तिचं म्हणणं असावं. आम्ही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, नक्की येऊ, असं आम्ही जीपमध्ये ठरवलं. घरी परतल्यावर आत्यालाही सांगितलं. "येऊंया," ती म्हणाली. आधी तिचे गुडघे गेले, मग नजर गेली, आणि मग एका पावसाळ्यात ती स्वतः गेली. येणं झालं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी जीप उतरत होती आणि मेधाने मला विचारलं, "आत्यांच्या नवऱ्याचं काय नाव होतं रे?" मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असतं ते वडीलही आता नव्हते. आम्ही दोघं मागे वळून बघत राहिलो. व्हॅनच्या काचेतून आत्या दिसत होती. ती हातवारे करून त्याला काहीतरी सांगत होती, कोकणीतच सांगत असणार, आणि तो समोर नजर ठेवून मान डोलावत होता. ज्या बाजूला ते देऊळ होतं त्या बाजूला तिने एकदाही वळून पाहिलं नाही. मग दरीतून धुकं वर आलं. आधी व्हॅनमधले दोन चेहरे गेले, मग व्हॅन गेली, आणि मागे कोणी आहे एवढं फक्त दोर ताणलेला होता म्हणून कळत होतं.